रिंग फिट ॲडव्हेंचर : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेड्यात वापरून पाहिलेला गेम

सरळ सांगून टाकतो, गेम चांगला आहे, पण ज्याच्यासाठी घरी आणला त्याला तो अर्धाच कामाचा निघाला, अन् ज्यांच्यासाठी आणलाच नव्हता ते त्याला रोज हात लावतात. आता हे कसं झालं ते लिहितो, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालेले कबड्डीवाले पोट्टे आपल्या भागात गावोगावी आहेत आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून सगळेच विचारतात की भाऊ, असा गेम खेळून पाय बरा होते का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. निन्टेन्डो कंपनीचं स्विच नावाचं गेमचं मशीन येते, कन्सोल म्हणतात त्याला, हातात धरून बी खेळता येते अन् टीव्हीला लावून बी, त्याच्यावर चालणारा हा व्यायामाचा गेम आहे, ऑक्टोबर 2019 मध्ये आला. सोबत एक लवचिक गोल रिंग भेटते, तिच्यात दाब मोजायचा सेन्सर, तुम्ही ती किती दाबली आणि किती ताणली ते तिला कळते. स्विचचे जे दोन छोटे रिमोट असतात, जॉयकॉन म्हणतात त्यांना, त्यातला उजवा रिंगमध्ये बसवायचा आणि डावा एका पट्ट्यात टाकून डाव्या मांडीवर बांधायचा. मग तुम्ही जागेवर धावले की पडद्यावरचा माणूस धावते, तुम्ही स्क्वाट मारला की समोरच्या राक्षसाला मार बसते. पाय, हात, पोट आणि योगासनं मिळून चाळीसच्या वर प्रकार आहेत, जोर किती लावायचा त्याची लेव्हल 1 ते 30 पर्यंत ठेवता येते. व्हिलन एक बॉडीबिल्डर ड्रॅगन आहे. आमची आई त्याला पाहून म्हणते, "याले कोनी वावरात न्या रे, नुसते दंड फुगवून राह्यला."

लहान भाऊ आमचा रेडर, 65 किलोच्या गटात खेळते. हिवाळ्यातल्या सामन्यात रेड टाकून परत फिरताना उजवा पाय मातीत रुतला, आंग फिरलं आणि गुडघा फिरलाच नाही. कोणी धक्का बी मारला नव्हता. एसीएल गेलं, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारी दोरी तुटली. शिवरात्रीच्या आसपास नागपूरला ऑपरेशन झालं, आणि तिथून पुढं खरी गोष्ट सुरू होते, कारण ऑपरेशनले तासदोन तास लागते आणि नंतरचा व्यायाम सात-आठ-नऊ महिने चालते, अन् तो व्यायाम म्हणजे इतका कंटाळवाणा की ज्यानं केला नाही त्याला सांगून समजत नाही. टाच घसरवत पाय वाकवा, मांडी आवळून धरा, पाय सरळ ठेवून वर उचला, परत ठेवा, परत उचला. फिजिओ मॅडमचं सेंटर तालुक्याला, आमच्या गावाहून एसटी सकाळची अन् संध्याकाळची, मधात काही नाही. आठवड्यातून एकदा जाणं जमते, बाकीचे दिवस मॅडमनं दिलेला कागद, भिंतीला चिटकवलेला. कागदावरच्या रकान्यात हा गडी टिकमार्क तर रोज करे, पण व्यायाम अर्धाच करे. मांडी पाहिली की कळे ना, उजवी मांडी डावीपेक्षा बारीकच्या बारीकच.

अशात पुण्याचा आतेभाऊ उन्हाळ्यात आला होता, त्याच्याकडे हा गेम नुसता पडून होता, तो म्हणे घेऊन जा. मॅडमला विचारल्याशिवाय लावला नाही हे महत्त्वाचं. त्यांच्या कॉलेजात म्हणे असेच गेम पेशंटसाठी ठेवले होते त्यामुळं त्या हसल्या नाहीत, उलट पूर्ण गेम मोबाईलवर पाहिला आणि सांगितलं की जागेवर धावणं सध्या बंद, उडी बंद, बसून-झोपून करायचे आणि अर्ध्या स्क्वाटचे प्रकार चालतील, लेव्हल मी सांगेन ती ठेवायची, स्वतः वाढवायची नाही.

या ठिकाणी गेमला पहिला मार्क देतो. धावायच्या ऐवजी नुसतं थोडं वर-खाली बसून पुढं जायचा एक मोड आहे, सायलेंट मोड म्हणतात, तो खरं म्हणजे खालच्या मजल्यावर भाडेकरू असतात अशा लोकांसाठी काढला आहे, आमच्या खाली तर जमीनच आहे, पण नव्या गुडघ्याला तोच बरा. आणि गुडघा, कंबर असा अमुक अवयव दुखत असेल तर त्याच्यासाठी वेगळी असिस्ट सेटिंग बी आहे, मग तेवढ्या व्यायामात गेम कमी वाकायला सांगते. सुरुवातीला स्ट्रेचिंग, शेवटी स्ट्रेचिंग, मधात म्हणते की आता पुरे, थांबायचं का. जिमवाला एवढं विचारत नाही.

आणि भावानं व्यायाम केला. रोज. कागदावर टिकमार्क मारणारा पोट्टा संध्याकाळी स्वतःहून पट्टा बांधून उभा राहे कारण पुढचा टप्पा उघडायचा होता, गावातले दोघं-तिघं दोस्त पाहायला येत, पाहणारे असले की याला जोर येते, रेडरच ना शेवटी. इथपर्यंत मी बी खुश होतो आणि आतेभावाला फोन करून सांगितलं की तुझा गेम कामाला आला.

मग मॅडमकडं गेलो तर त्यांनी वेगळंच दाखवलं. त्यांनी दोन साधे वजनकाटे बाजूबाजूला ठेवले, घरी वजन करायचे असतात तेच, आणि भावाला सांगितलं एक पाय यावर, एक पाय त्यावर, आता गेममध्ये मारतो तसा स्क्वाट मार. उभा होता तोपर्यंत ठीक होतं. बसायला लागला तसा डावा काटा 40 च्या वर गेला आणि उजवा 25 च्या आत आला. म्हणजे गडी सगळा भार चांगल्या पायावर टाकून स्क्वाट मारत होता आणि त्याला स्वतःला बी पत्ता नव्हता. मॅडम म्हणाल्या ऑपरेशन झालेले बहुतेक सगळे असंच करतात, शरीर स्वतःच पाय वाचवते, मुद्दाम नाही.

आता गेमचा विचार करा. सेन्सर कुठं आहे? डाव्या मांडीवर. ऑपरेशन कोणत्या पायाचं? उजव्या. डावी मांडी बरोबर खाली गेली, बरोबर वर आली, गेम म्हणते ग्रेट. उजव्या पायानं काम केलं की नुसती हजेरी लावली हे त्याला समजायचा रस्ताच नाही. बरं डाव्या पायाचं ऑपरेशन असतं तरी मांडी किती तिरपी झाली तेवढंच कळलं असतं, तिच्यावर वजन किती आहे ते नाही, गुडघा आत पडून राहिला का सरळ आहे ते तर नाहीच नाही. आणि एसीएलमध्ये गुडघा आत पडणं हेच तर पाहायचं असते. हा गेमचा बिघाड नाही, निरोगी माणसानं घाम काढावा म्हणून तो बनवला आहे, दवाखान्याची मशीन म्हणून नाही. पण हे डोक्यात पक्कं नसेल तर पोट्टा रोज शंभर स्क्वाट मारून चांगला पायच अजून चांगला करून ठेवीन.

या कामासाठी याच कंपनीची जुनी वस्तू उलट जास्त बरी होती असं मॅडमचं म्हणणं. वी नावाच्या त्यांच्या जुन्या कन्सोलसाठी 2007 मध्ये जपानात एक बॅलन्स बोर्ड आला होता, पाट्यासारखा, चार कोपऱ्यांत चार सेन्सर, तुम्ही वर उभे राहिले की वजन डावीकडं किती, उजवीकडं किती, पुढं किती, मागं किती ते पडद्यावर ठिपका बनून हलते. लाखांनी खपला तो. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी लॅबमधल्या महागड्या फोर्स प्लेटसोबत, म्हणजे पायाचा जोर मोजणाऱ्या पाटीसोबत, त्याची तुलना केली तर तोल मोजण्यात हा बी भरवशाचा निघाला, तेव्हापासून जगभर फिजिओवाले तो वापरू लागले. तसाच मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट, 2010 चा, तो तर कॅमेऱ्यानं पूर्ण शरीर पाहे, हातात-पायात काहीच बांधायचं नाही. दोन्ही वस्तू आता बनत नाहीत. म्हणजे ज्या पाहत होत्या त्या बंद पडल्या अन् जी नुसती मोजते ती दुकानात आहे, काय बोलाव आता.

आम्ही मग जुगाड केला. एक वजनकाटा घरी होता, दुसरा शेजारून मागून आणला, टीव्हीसमोर दोन्ही ठेवले, भाऊ त्याच्यावर उभा राहून गेम खेळे आणि मी नाही तर वहिनी खाली बसून काटे पाहे. "भाऊजी, उजवा कमी आहे." "हाव." "अजून कमीच आहे." "हाव ना वहिनी, करून राह्यलो ना." गेमचं ग्रेट गेलं खड्ड्यात, वहिनीचं 'आता बरोबर' आलं की मग पुढचा. एक सांगतो, काट्यावर उभं राहून फक्त हळू स्क्वाट करायचे, बाकी काही नाही, घसरायची भीती असते, आणि काटा फरशीवर डगमगत असेल तर तेवढे बी नाही.

खूप खेळलं तर काय होते हे बी ऐकून ठेवा. 2007 मध्ये स्पेनच्या एका डॉक्टरानं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं होतं की वीवर तासन् तास टेनिस खेळून त्याचा स्वतःचाच खांदा धरला, आणि त्या दुखण्याला त्यानं गमतीनं वीआयटिस असं नाव ठेवलं. खऱ्या टेनिसमध्ये माणूस थकते आणि बॉल आणायला जाते, टीव्हीतला बॉल लगेच परत येते. म्हणून लेव्हल अन् वेळ मॅडमनं ठरवून दिला तो बरोबरच केला, नाही तर आमचा गडी राक्षस मेल्याशिवाय जेवायला उठला नसता.

आता बाबाचं सांगतो, हा भाग माझ्या मनातच नव्हता. बाबाची कंबर जुनी दुखते, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन घेऊन आणि वाकून निंदण करून करून, गोळी खाल्ली की बरं, गोळी सोडली की परत तेच. भाऊ खेळे तेव्हा मागं खाटेवर बसून पाहत. एका दिवशी म्हणाले, "आण बरं ते कडं इकडं." गेम बी नाही लावला, नुसती रिंग. या गेममध्ये एक मोड आहे, मल्टिटास्क, कन्सोल बंद ठेवून बी रिंग दाबायची, जॉयकॉन आतल्या आत मोजत राहते, 500 पर्यंत, नंतर गेम सुरू केला की त्याचे पॉइंट भेटतात. आमच्याकडं लाईनचं जे चालते ते सगळ्यांना माहीत आहे, संध्याकाळी गेली की मग कवा येईन सांगता येत नाही, तर लाईन गेली की बाबा ओसरीत बसून मोबाईलवर कीर्तन लावते आणि रिंग दाबत राहते. नंतर कमरेसाठीचे हळू प्रकार, तोल धरायचे, पोट आवळायचे, ते बी करू लागले. मॅडमनं आधी कंबर तपासली, मणक्याचं काही दबलेलं नाही ना ते पाहिलं, मगच. ज्यांच्या पायात मुंग्या येतात, ताकद गेल्यासारखी वाटते त्यांनी गेमबिमच्या नादी न लागता आधी डॉक्टरकडं जा.

जपानात चिबा युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये हाच रिंग फिट घेऊन जुन्या कंबरदुखीच्या 40 पेशंटवर अभ्यास छापला आहे, अर्ध्या लोकांना गेम, अर्ध्यांना फक्त गोळ्या, गेमवाल्यांना आठवड्यातून एकदा 40 मिनिटं असं 8 आठवडे. गेमवाल्यांचं दुखणं कमी झालं आणि दुखत असलं तरी आपण काम करू शकतो हा भरवसा बी वाढला. चाळीस म्हणजे काही मोठा आकडा नाही, पण बाबाकडं पाहून मला खोटं वाटत नाही. कंबरदुखीत एक पाय चोरला का, गुडघा आत गेला का असं बारीक पाहायचं काम कमी असते, रोज हालचाल होणं हेच मोठं औषध, अन् ते हा गेम बरोबर करून घेते.

दुखापत होऊच नये म्हणून गेम घ्यावा का, हे टीमच्या पोट्ट्यांनी विचारलं. माझं उत्तर नाही. घाम निघते, मांड्या-पोट मजबूत होते, हे खरं, पण कबड्डीत गुडघा जाते तो उडी मारून खाली येताना किंवा धावता धावता एकदम वळताना, आणि हा गेम तुम्हाला एका जागेवरून हलू देत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी बी विचारतात, नडगी दुखते म्हणून. त्यांच्या 800 मीटरला अन् पोरांच्या 1600 मीटरला याचा उपयोग थोडाच, नडगी दुखते ती डांबरी रोडवर एकदम जास्त पळाल्यानं आणि घासलेल्या बुटानं, ते आधी पाहा.

खरा बचाव मैदानावरच आहे आणि तो फुकट आहे. फुटबॉलवाल्यांनी फिफा 11 प्लस नावाचा वॉर्मअप बनवला आहे, 15 व्यायाम, 20 मिनिटं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा न आत पाडता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूचे व्यायाम, वळण घेत धावणं. नॉर्वेत 125 क्लबच्या 1,892 मुलींवर त्याचा अभ्यास झाला, 2008 मध्ये छापून आला, करणाऱ्या मुलींमध्ये एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या आणि मोठ्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. बॉल लागला तर फक्त एका पायावरच्या तोलाला, बाकी कबड्डीच्या मैदानात जसाच्या तसा बसते. पण पोट्टे करत नाहीत ना! वॉर्मअप म्हटलं की मोबाईल काढतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडी 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन कबड्डी दाखवून आले, त्याच विदर्भात आम्ही सामन्याच्या आधी मांड्यांवर दोन थापा मारतो आणि लाईनवर उभे राहतो.

मग आम्ही त्याच व्यायामांचा खेळ केला. लंगडी. मॅडमनंच सुचवली, त्या म्हणाल्या एसीएलनंतर परत खेळायला सोडायच्या आधी आम्ही एका पायावरच्या उड्यांची टेस्ट घेतो, एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या इकडून तिकडं उड्या आणि 6 मीटर लंगडत जायला किती वेळ लागते ते, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के भरला पाहिजे. ते ऐकून भाऊ म्हणे, "मॅडम, हे तं लंगडीच झाली ना." मॅडम म्हणाल्या, "मग तीच खेळवा टीमला." आता प्रॅक्टिसच्या आधी दोन्ही पायांनी लंगडी, डावा पाय मग उजवा पाय, उतरताना गुडघा बोटांच्या रेषेत पाहिजे नाही तर आऊट, आणि आऊट द्यायला बाहेर एक जण बसवतो. एका पायावर उभं राहून बॉल फेकाफेकी. आट्यापाट्याच्या पाट्या आखून वळायचा सराव, आपल्याकडं तो खेळ अजून जिवंत आहे तर त्याच्याएवढा वळायचा व्यायाम दुसरा नाही. हारणाऱ्या बाजूनं चहा पाजायचा. वॉर्मअप म्हटल्यावर मोबाईल काढणारे पोट्टे चहासाठी जीव तोडून लंगडतात. भावाला यात अजून घेतलं नाही, त्याचं काम पंच म्हणून बाहेर बसायचं, आणि लय कडक पंच आहे तो, ज्याचा स्वतःचा गुडघा गेला त्याला दुसऱ्याचा गुडघा बरोबर दिसते.

तो कवा खेळेन असं गावात रोज कोणी ना कोणी विचारते. 2016 मध्ये एक अभ्यास छापून आला आहे, एसीएलनंतर 9 महिन्यांपर्यंत परत खेळणं जितकं लांबवलं तितकं बरं, प्रत्येक महिन्यामागं गुडघा परत दुखावायचं प्रमाण निम्म्यानं कमी होत गेलं. त्याचे नऊ महिने दिवाळीच्या आसपास भरतात आणि सामने बी तेव्हाच सुरू होतात, त्यामुळं आयोजकांचे फोन येऊन राहिले. गेममध्ये कितवा टप्पा पार केला यावर ते ठरणार नाही, उड्यांच्या टेस्टवर ठरेन, हे मी त्याला आणि फोन करणाऱ्यांना दोघांनाही सांगून ठेवलं आहे.

घ्यायचाच असेल तर थोडं कामाचं. आपल्या तालुक्याच्या मोबाईलच्या दुकानात भेटत नाही, इम्पोर्टवाल्याकडून नाही तर कोणाचा तरी जुना. कन्सोल धरून खर्च बऱ्यापैकी मोबाईलएवढा जाते, फक्त भावाच्या गुडघ्यासाठी म्हणाल तर मी एवढे पैसे टाकले नसते, ते फिजिओच्या फीमध्ये अन् एसटीच्या तिकिटात टाका. घरात दोन-तीन जण करणारे असतील तर वसूल होते. मराठी सोडा, हिंदी बी नाही त्यात, रिंग इंग्रजीत बडबडते, पण पडद्यावर माणूस करून दाखवते म्हणून आईलाही अडलं नाही. टीव्ही नसला तरी कन्सोलच्या छोट्या पडद्यावर होते, टेबलावर उभा करून ठेवायचा. पायाचा पट्टा हातानं धुता येते, रिंगच्या मुठीची कव्हरं बी निघतात, उन्हाळ्यात धुवावीच लागतात. जुना घेताना स्विच लाईट घेऊ नका, त्याचे रिमोट निघत नाहीत, वेगळे जॉयकॉन विकत घ्यावे लागते. आणि रिंग अन् पट्टा दोन्ही सोबत आहेत का ते आधी पाहा, नुसतं गेमचं कार्ड घेऊन आलं तर घरी येऊन काहीच करता येत नाही.